पहिली मूठ

“सैल धर, हर्षु. फिरकी घट्ट धरली की दोरा तुटतो. सैल धर, मी आहे ना.”

आवाज तेव्हा नुकता फुटायला लागला होता. निम्मा पोराचा, निम्मा बाप्याचा. बोलता बोलता मधेच चिरकायचा, आणि मग स्वतःवरच चिडून तो दुप्पट मोठ्याने बोलायचा. चाळीसेक वर्षांत भावाचा चेहरा हर्षिदाच्या मनात पुसट होत होत जुन्या फोटोएवढाच उरला होता, पण ते चिरकणं जसंच्या तसं होतं. कधी ऐकू येईल याचा नेम नसे. भाजी निवडताना येई, बँकेच्या रांगेत येई, आणि आज ते आलं भर सकाळी, रस्त्याच्या मधोमध ती शिडीवर उभी असताना. चबुतऱ्याच्या सर्वांत वरच्या कुंडीत तिने हात घातला होता. बोटांना बाजरी लागेल, निदान टरफलं लागतील, पाखरांची घाण तरी लागेल, अशी तिची खात्री होती. लागली ती धूळ. कोरडी, मऊ, कुणीच न विस्कटलेली धूळ, आणि त्या धुळीत अडकलेला एका पतंगाचा गुलाबी कोपरा. तिने हात तसाच आत ठेवला. जणू अजून थोडं चाचपलं तर कुठेतरी तळाशी एखादा दाणा सापडेल. मग खालून जाणारा एक स्कूटरवाला मान वर करून ओरडला, “बेन, फारच सुंदर झालंय हां!” आणि निघूनही गेला.

ती खाली उतरली. उतरताना प्रत्येक कुंडीत डोकावली. सगळ्या तशाच. आठवडे होऊन गेले होते चबुतरा उभा राहून. जुन्या अहमदाबादेत प्रत्येक पोळेत, एका दरवाज्याआड वसलेल्या गल्लीत, पाखरांना दाणा-पाणी ठेवायचा असा एक खांब असतो, लाकडी, नक्षीदार, डोक्यावर छत्री घेतलेला. येताजाता माणूस त्यात मूठभर दाणा टाकतो आणि आपल्या वाटेने जातो, त्याचा विचारसुद्धा करत नाही. हर्षिदाचा चबुतरा मात्र कुठल्याच पोळेत नव्हता. एका बाजूला जेठीबाच्या पोळेचा दरवाजा, दुसऱ्या बाजूला पतंगवाल्यांचा कागदीवाड, आणि या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर, जिथे फक्त हातगाड्या आणि भांडणं थांबायची, तिथे तो उभा होता. अंगभर भाजलेल्या मातीच्या फरशा, आणि झाडाला फांद्या फुटाव्यात तशा उंचीउंचीवर कुंड्या. सर्वांत खालची कुंडी पोराच्याही हाताला लागेल अशी, वरची पोपटांसाठी. वरून जाणाऱ्या तारांवर कबुतरं आणि साळुंक्या ओळीने बसून होत्या, पान मांडून वाढपी विसरलेल्या पंगतीसारख्या. तिला त्यांच्याकडे बघवेना. दोन्हीकडची माणसं तिला रोज नमस्कार करत होती, चहा पाजत होती. कुणी फरशांवरून हात फिरवून जाई, कुणी पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवी. ‘गावात असा दुसरा नाही’ म्हणे. फक्त दाणा कुणी टाकत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर तिला कळलं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं. पण इतकं कौतुक आणि इतकी रिकामी कुंडी, या दोन गोष्टी एकत्र कशा धरायच्या हे तिला उमगत नव्हतं.

कालच वॉर्ड ऑफिसातून दवेसाहेबांचा फोन आला होता. माणूस वाईट नव्हता. तीन वर्षं त्यानेच तिची बाजू लावून धरली होती. “हर्षिदाबेन, उत्तरायण तोंडावर आलंय. पतंगबाजार लागणार, गाड्यांना जागा कमी पडतेय, तक्रारी येतायत. वापरात असता तर मी छाती ठोकून सांगितलं असतं की लोकांचा आहे, हलवणार नाही. पण बेन, कोरडा ठणठणीत आहे तो. काय सांगू मी? नदीकाठच्या बागेत हलवतो ना आपण. कारंज्याशेजारी. चार लोक फोटो तरी काढतील.” कारंज्याशेजारी. या शब्दाने तिला नदीपलीकडच्या चौकातले आपले बगळे आठवले होते. लोखंडी पत्र्याचे, पंख पसरलेले बगळे. तरुणपणी केलेले, उद्घाटनाला बॅण्ड वाजला होता. पुढे उड्डाणपूल आला आणि एका दुपारी बगळे उचलून नेले. ती त्या चौकात गेली तेव्हा पानवाला म्हणाला, “कुठले बगळे?” ते अजून महापालिकेच्या गोदामात पाण्याच्या टँकरमागे पडून होते, एकमेकांच्या पंखात पंख अडकवून. तेव्हा ती हसली होती. नवऱ्याला गोष्ट रंगवून सांगितली होती. आता हसण्याइतकं बळ नव्हतं. हा चबुतरा गेला तर यानंतर आपण मातीला हात लावणार नाही, हे तिला काल फोन ठेवतानाच स्वच्छ कळलं होतं, आणि ते कळणं इतकं शांत होतं की त्याचीच तिला भीती वाटली.

कारण हा काही तिच्या एकटीच्या हातचा नव्हता. म्युनिसिपल शाळेच्या अंगणात अख्खी पानगळ बायका बसल्या होत्या मातीत कोपरापर्यंत हात घालून. पहिल्या दिवशी पोळेतल्या बायका एका भिंतीकडे, कागदीवाडातल्या दुसऱ्या भिंतीकडे, आणि मधे मातीचा ढीग, लग्नात दोन्हीकडची वऱ्हाडं पहिल्यांदा समोरासमोर यावीत तसा. पाण्याची बादली मात्र एकच होती. हर्षिदाने मुद्दाम एकच ठेवली होती. पहिला एक तास कोणीच माती भिजवली नाही. मग पोळेतल्या कंचनमासी उठल्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र तेल दिल्यासारखी. म्हणाल्या, “मला लघवीला जायचंय, त्याआधी एक फरशी तरी होऊ दे,” आणि दोन्ही हात बादलीत बुडवले. त्यानंतर कुणाला कुणाचं भान राहिलं नाही. पोळेतल्यांनी घरातून शेवेच्या सोऱ्याच्या चकत्या आणल्या, चाळण्या आणल्या, देवघरातल्या समईचे ठसे उठवले. कागदीवाडातल्यांनी बांबूच्या कामट्या दाबून पतंगाचे सांगाडे काढले, चंद्र काढले, विणलेल्या टोपीची जाळी मातीवर उमटवली. कंचनमासींची फरशी आणि पतंगवाल्या मुनाफभाईंच्या बायकोची, हलीमाची फरशी शेजारी शेजारी येणार म्हटल्यावर मासी म्हणाल्या, “तुझा चंद्र माझ्या शेवेला लागून नको ठेवू गं हलीमा, रात्रीत खाऊन टाकेल.” हलीमा म्हणाली, “खाऊ दे ना मासी, तेवढाच गुबगुबीत होईल. तुमची शेव खाऊन आजवर कुणी बारीक झालंय?” मग कुणीतरी गाणं धरलं. गरब्याचीच चाल, शब्द तिथल्या तिथे जुळवलेले:

माती कालवू गं बाई, माती कुणाची कुणाची,
हात तुझा, हात माझा, ओल एकाच पाण्याची.

दुसऱ्या भिंतीकडून पुढची ओळ आली, मग त्याच्या पुढची, आणि संध्याकाळी शाळेचा शिपाई कुलूप घेऊन उभा राहिला तरी ओळी संपत नव्हत्या. हर्षिदा मधे उभी राहून ऐकत होती. आपण काहीच केलेलं नाही, फक्त एक बादली ठेवली, असं तिला वाटलं होतं, आणि इतका आनंद तिला कुठल्याच कामात झाला नव्हता. त्या दिवसांत बायका हात धुता धुता तिच्याजवळ येत. हळूच विचारत, “बेन, हा चबुतरा कुणाचा?” ती म्हणे, “सगळ्यांचा.” बाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघे. मग मान डोलावून निघून जाई. कुणी मुनाफभाईंकरवी विचारी, कुणी पोरांकरवी. नाव कुणाचं घालणार? पोळेपोळेतल्या चबुतऱ्यांवर दगडात नाव असतंच. अमुकच्या स्मरणार्थ, तमुकच्या आत्म्याच्या शांतीसाठी. हर्षिदा सांगे, “नाव कुणाचंच नाही. नाव घातलं की तो एकाचा होतो. हा सगळ्यांचा.” हे वाक्य तिने अर्जात लिहिलं होतं, कॉलेजातल्या व्याख्यानात म्हटलं होतं, आणि म्हणता म्हणता ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याखाली काय आहे हे तीही कधी उलटून बघत नव्हती. ऐकणारा गप्प होई. त्या गप्प होण्याला तिने संमती मानलं.

आता रिकाम्या कुंडीखाली उभं राहून तिला ती सगळी गप्प तोंडं पुन्हा दिसायला लागली. त्यांत काहीतरी होतं. काय ते हाताला लागत नव्हतं, मघाच्या दाण्यासारखंच. नाव. नावाचं तिच्या घरात विचित्रच होतं. भाऊ गेला त्या संक्रांतीनंतर घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. ठरवून नाही. ठरवायला कुणाच्या अंगात त्राण होतं? आधी आईने घेतलं नाही म्हणून बापुजींनी घेतलं नाही, बापुजी घेत नाहीत म्हणून नऊ वर्षांच्या हर्षुने घेतलं नाही, आणि मग न घेतलेल्या नावावर दिवसांचे थर बसत गेले. आई ‘तो’ म्हणे. ‘त्याचा सदरा’, ‘तो असता तर’. पुढे ‘तो’सुद्धा गेला. फाल्गुनाच्या आत त्यांनी जेठीबाच्या पोळेतलं घर सोडलं आणि नदीपलीकडे राहायला आले. तिथे नशिबाने अशी थट्टा मांडली की त्याच नावाची एक बाग घरापासून चालत जाण्याइतकी जवळ निघाली. त्या बाजूला जायचं असलं की आई रिक्षावाल्याला बागेचं नाव सांगत नसे, दूधडेअरी सांगे, दवाखाना सांगे, चार वळणं जास्त पडली तरी चालतील. एकदा एका नव्या रिक्षावाल्याने विचारलं, “म्हणजे बागेजवळच ना, मासी?” आणि बागेचं नाव घेतलं. आई भर उन्हात रिक्षातून उतरली आणि चालत घरी आली. हर्षिदा तिच्यामागून चालत होती. आई रडत नव्हती. नुसती भरभर चालत होती, मागून कुणीतरी हाक मारतंय आणि ओ द्यायची नाही अशी. ती तशीच गेली शेवटी, ओ न देता. बापुजी राहिले. कापडगिरणीत साड्यांच्या किनारींची नक्षी काढण्यात त्यांचा जन्म गेला. गिरणी बंद झाली, डोळे अधू झाले, तरी पेन्सिल खिशात. चबुतऱ्याची रेखाटनं तिने त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी छत्रीखालची वेल दुरुस्त करून दिली होती. आणि जागेचा नकाशा उलगडला तेव्हा फुलीवर त्यांनी बोट ठेवलं होतं. ठेवलं, आणि उचललं. “का इथेच?” असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. दोन्ही वस्त्यांपासून सारखं अंतर म्हणून. तिने ते खरोखर मोजून काढलं होतं.

तिने शिडी खांद्यावर घेतली. शिडी मुनाफभाईंची, ती परत करायची आणि तिथूनच दवेसाहेबांना फोन लावायचा, उचला म्हणावं. मुनाफभाईंचं दुकान रस्त्याच्या कडेलाच. दारात पतंगांचे गठ्ठे, आत खळीचा आंबट वास. साठीचा माणूस, हाडं मोठी, पण कागदाला हात लावताना तान्ह्या पोराला लावावा तसा. दुकानाच्या पायरीवर कंचनमासी बसल्या होत्या, नातवासाठी पतंग घ्यायला म्हणून आलेल्या आणि घासाघीस संपून आता निव्वळ गप्पांवर आलेल्या.

“आली बघ कारागीर,” मासी म्हणाल्या. “हर्षु, याला सांग. म्हातारीला पण पतंग महाग लावतो.”

“मासी, तुम्ही मागच्या वर्षीचे पतंग पण परत करायला आणले होते,” मुनाफभाई म्हणाले. “उडवून झालेले.”

“एक कोपरा तर फाटला होता फक्त.”

हर्षिदाने शिडी भिंतीला टेकवली. ती नीट टेकली नाही, घसरली, आणि गठ्ठ्यावर आपटणार तोच मुनाफभाईंनी धरली. तेवढंच निमित्त झालं. “नको असेल तर सरळ सांगा ना मला,” ती म्हणाली. आवाज तिच्याही कल्पनेपेक्षा मोठा निघाला. “छान आहे, सुंदर आहे, ऐकून कान किटले माझे. एक दाणा टाकला नाही कुणी. ना तुम्ही, ना तुम्ही. पाखरं तारेवर बसून राहिलीत. मी दवेसाहेबांना सांगते, न्या म्हणून. पण तीन वर्षं गोड गोड बोलत राहण्यापेक्षा तोंडावर सांगितलं असतंत तर बरं नसतं झालं?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. खरोखर गोंधळलेले.

“नको कोण म्हणालं?” मुनाफभाईंनी विचारलं.

“मग दाणा?”

“दाणा आहे की.” ते वाकले. गल्ल्याखालून तेलाचा मोठा डबा ओढून काढला, झाकण उघडलं. काठोकाठ बाजरी. “छत्री चढली त्या दिवशीच आणून ठेवलाय. हलीमा दर जुम्म्याला ऊन दाखवते, कीड लागू नये म्हणून.”

“माझ्या घरी ज्वारी आहे,” मासी म्हणाल्या. “आमच्या पोळेत घराघरात आहे. सून ओरडते, जागा अडली म्हणून.”

“मग टाकत का नाही?”

मासींनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने गरम तव्याला हात का लावायचा नाही असं विचारलं. “आम्ही कसा टाकणार गं? आधी घरच्यांची मूठ पडायला नको? ज्याचा चबुतरा, त्याच्या घरचा हात पहिला. त्याच्या आधी हात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या मयताला आपणच पुढे होऊन खांदा देण्यासारखं.”

“कुणाच्या घरचा? मी सांगितलं ना, याला कुणाचं नाव नाही.”

“नाव लिहिलं नाहीस,” मुनाफभाई हळूच म्हणाले. “नाही असं कसं म्हणतेस बेटा?”

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. मुनाफभाईंनी डब्याचं झाकण हातात तसंच धरलं होतं. “मी होतो त्या दिवशी,” ते म्हणाले. “याच पायरीवर. अठरा-एकोणीसचा असेन. माझ्याकडूनच घेतले होते त्याने पतंग सकाळी. पडला तो… तू जिथे पाया खणायला सांगितलास ना, तिथेच. वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. कामगाराने पहिली कुदळ मारली तेव्हा आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी टोप्या नीट केल्या. हलीमा म्हणाली, बहीण जागा विसरली नाही.”

“आमच्याकडे सगळ्यांनी ओळखलं,” मासी म्हणाल्या. “चंदुभाईच्या मुलीने भावासाठी केला. मग तू म्हणायला लागलीस सगळ्यांचा. म्हटलं, नाव अजून तोंडात येत नसेल पोरीच्या. येईल तेव्हा येईल. घाई कशाला करायची? तिचा हात पडला की आपण आहोतच.”

“आम्हाला वाटलं पोळेतली माणसं तरी सांगतील तुला,” मुनाफभाई म्हणाले.

“आम्हाला वाटलं तू सांगशील. उचलून तू नेलंस ना त्याला गाडीवरून.”

“मी कसा सांगणार मासी? पतंग माझा होता.”

“गप रे. पतंग काय ढकलतो?” मासी इतक्या जोरात म्हणाल्या की समोरच्या तारेवरची कबुतरं उडाली. मग त्याच आवाजात, डोळे पुसत, “चहा सांग कुणाला तरी. पोरगी पांढरी पडलीय.”

हर्षिदा पायरीवर बसली. पांढरी पडली नव्हती ती. तिला हसू येत होतं, आणि ते हसू कुठून येतंय हे कळत नव्हतं. पोटातून, गुडघ्यांतून, मघाशी धूळ लागलेल्या बोटांतून. दोन वस्त्या, घराघरात ज्वारीची पोती, दर शुक्रवारी उन्हात पसरलेली बाजरी, सुनांची ओरड, आणि सगळे दाराआड उभे राहून तिची वाट बघतायत. ती मात्र रिकाम्या कुंडीत हात घालून समजतेय की आपण नकोसे झालो. अंतर तिने मोजलं होतं हे खरं. फितीने मोजलं होतं, कागदीवाडाच्या बाजूने आणि पोळेच्या बाजूने. पण मोजायला सुरुवात करण्याआधी पाय कुठे जाऊन थांबले होते? नऊ वर्षांची पोर गच्चीवर फिरकी धरून उभी होती आणि फिरकी फिरायची थांबली होती. दोरा सैल पडला होता. खाली माणसं धावत होती आणि ती कठड्यावरून बघत होती, वरून, ज्या ठिकाणी माणसांचा घोळका झाला होता त्या ठिकाणाकडे. घोळक्यात या बाजूचे कोण आणि त्या बाजूचे कोण, हे वरून कळत नव्हतं. नुसती डोकी होती, एकमेकांना लागलेली. तीन वर्षं ती लोकांना सांगत फिरली होती की तिला हे दोन मोहल्ले एकत्र आणायचेत. एकत्र तर तिने त्यांना तेव्हाच पाहिलं होतं. चहा आला. बशीत ओतून तिने तो एका दमात प्यायला, जीभ भाजली, आणि भाजलेल्या जिभेने ती म्हणाली, “मासी, पहिली मूठ माझी नाही.”

“मग?”

“बापुजी आहेत.”

मासींनी पदर सारखा केला. “चंदु जिवंत आहे होय? मग हे आधी नाही सांगायचं?”

घरी बापुजी गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. हिरवे दाणे एका थाळीत, साली वर्तमानपत्रावर. हर्षिदा चप्पल न काढताच त्यांच्यासमोर खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. बाजरीचा डबा, मासींची सून, टोप्या नीट करणारे म्हातारे, पतंग माझा होता म्हणणारे मुनाफभाई. सांगताना ती जिथे नाव यायचं तिथे सवयीने अडखळून पुढे जात होती. बापुजींचे हात सोलत राहिले. एक शेंग, दुसरी शेंग. शेवटी पुढ्यातल्या शेंगा संपल्या आणि बोटं रिकामी झाली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला. आईला रिक्षातून उतरताना बघून बसला होता तसा काहीतरी चटका तिला बसणार असं वाटून ती सावरून बसली. पण बापुजी उठले, आणि खुंटीवरची टोपी घेत म्हणाले, “रिक्षा बोलाव. दुपारची गर्दी व्हायच्या आत पोचलं पाहिजे.”

पूल ओलांडताना त्यांनी नदीकडे पाहिलं नाही, समोर पाहिलं. टाचा मात्र हलत होत्या, गिरणीच्या ठोक्यावर हलाव्यात तशा. पोळेच्या दरवाज्यात रिक्षा थांबली तर मासी उभ्याच.

“आलास, चंदुभाई? केस कुठे विसरलास?”

“तुझे दात पडले ना, तिथेच,” बापुजी म्हणाले. खाली उतरताना त्यांनी मासींच्याच खांद्याचा आधार घेतला. हर्षिदाने त्यांना असं बोललेलं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. हा माणूस थट्टा करायचा, हे ती विसरूनच गेली होती.

बोलावणं कुणी धाडलं नव्हतं, पण दोन्हीकडून माणसं बाहेर येत होती. ओट्यांवरून, दुकानांतून, हात पुसत, पीठ झटकत. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या पितळी तांब्या, कुणी नुसती ओंजळ भरून. गर्दी केली नाही. चबुतऱ्याभोवती जागा सोडून उभी राहिली. बापुजी फरशांजवळ गेले, चष्म्यातून वाकून बघितलं, छत्रीखालच्या वेलीकडे मान वर करून बघितलं. “वळण बरोबर आलंय,” एवढंच म्हणाले. मग खाली बघितलं. पायाशी. बराच वेळ. मुनाफभाई डबा घेऊन पुढे झाले. डबा त्यांनी दोन्ही मोठ्या हातांत धरला होता. बापुजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि दाणा घेण्याआधी आपला तळवा त्या हातांवर ठेवला. ओळख पटल्यासारखा, दाबून. मुनाफभाईंनी खालचा ओठ दाताखाली धरला. मग बापुजींनी मूठ भरली.

ती कुंडीपर्यंत गेली आणि तिथे थांबली.

“तसंच नाही टाकायचं,” कंचनमासी म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांच्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. “मोठ्याने सांगायचं असतं. कुणाच्या नावाने, चंदुभाई?”

रस्ता थांबला होता. हातगाडीवाला दांडे खाली ठेवून उभा होता. हर्षिदाला वाटलं, त्यांना नाही जमणार, आपण म्हणून टाकावं. तिने श्वास घेतला, जीभ उचलली. पण बापुजींनी दुसरा हात किंचित वर केला, तिच्याकडे न बघता, लहानपणी ती मधे बोलायला लागली की करायचे तसा. मूठ अजून मिटलेली होती. बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे निसटून भाजलेल्या मातीवर पडले.

“परिमलच्या,” बापुजी म्हणाले. आवाज मधेच चिरकला, तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा, पलीकडच्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, “माझ्या परिमलच्या नावाने.”